फाटकाशी उभ्या माणसाला काय सांगायचं

नागपुरातल्या आमच्या लेआउटमध्ये अनोळखी माणसाची बेल वाजते ती बहुतेक दुपारी दीड ते साडेतीनच्या मध्ये. कमावती माणसं कामावर असतात, मुलं शाळेतून यायची असतात, आणि घरात उरते एखादी बाई किंवा जेवून आडवं झालेलं म्हातारं माणूस. विकायला येणाऱ्यांना ही वेळ पाठ असते. त्रिमूर्तीनगरच्या बाजूला राहायला येऊन मला बत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या फाटकाशी चादरी, मसाले, मिक्सर, पाण्याची मशीन, विम्याची पॉलिसी, बक्षिसाचं कूपन, देवीची वर्गणी असं सगळं येऊन गेलं आहे. त्यातलं काही मी घेतलं, पुष्कळसं नाही घेतलं, आणि एकदा आमच्या घरातलं सोनं गेलं. म्हणून हे नीट लिहायचं ठरवलं.

दाराच्या दुसऱ्या बाजूलाही मी पुष्कळ उभी राहिले आहे. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांमध्ये प्रगणक म्हणून घरं केली. पल्स पोलिओच्या फेऱ्या केल्या, मतदार यादीसाठी फिरले. २०११ च्या फेब्रुवारीत ९ ते २८ तारखेपर्यंत शाळा सुटली की रोज तेच काम. कुणी खुर्ची दिली, कुणी चहा ठेवला, कुणी जाळीच्या दाराआडूनच उत्तरं दिली. त्या जाळीआडच्या बायांचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकटी असेल तर तिनं दार उघडूच नये. त्रास झाला तो 'उद्या या' म्हणणाऱ्यांचा. एका घरी मी चार वेळा गेले. चारही वेळा आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि चारही वेळा मुलाला पाठवून 'उद्या या' सांगितलं गेलं. सरळ 'रविवारी सकाळी दहाला या' म्हटलं असतं तर माझे तीन हेलपाटे वाचले असते.

जनगणनेला उत्तर द्यावंच लागतं, तसा १९४८ चा कायदा आहे, म्हणून मी जात राहिले. विकणारा माणूस जात राहतो तो वेगळ्या कारणानं. 'उद्या या' हे शब्द त्याच्या वहीत जवळजवळ होकार म्हणून लिहिले जातात. आपल्याला वाटतं, चांगल्या शब्दांत टाळलं. त्याला वाटतं, हे घर लागणार. मग तो उद्या येतो, परवा येतो, आणि तिसऱ्या दिवशी आपण त्याच्यावर खेकसतो. ह्यात चूक आपली असते.

तर माझ्या घरचा नियम असा: दाराशी काहीही ठरवायचं नाही. घ्यायचं की नाही हे बेल वाजायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते 'नाही' असं असतं. वस्तू खरंच हवी असेल तर ती उद्या बर्डीच्या बाजारात मिळेल, इतवारीत मिळेल, मोबाइलवर मागवता येईल. दोन दिवस विचार केल्यानं जी वस्तू हातची जाते असं तो सांगतो, ती गेलीच पाहिजे.

वाक्य एकच, तेही पाठ

'नको भाऊ, आम्ही दाराशी काही घेत नाही.'

हे वाक्य मी पुष्कळ वर्षांत घासूनपुसून केलं आहे. 'आम्ही' म्हटलं की तो घरचा रिवाज होतो, माझी त्या क्षणाची मर्जी राहत नाही. 'दाराशी' म्हटलं की त्याच्या मालाला नावं ठेवली जात नाहीत, त्यामुळे माल किती चांगला हे सांगायची सोय उरत नाही. 'काही' म्हटलं की भावाचा प्रश्नच निघत नाही. बाहेरगावाहून आलेली मुलं पुष्कळ असतात, त्यांना हेच हिंदीत: 'नहीं भैया, हम घर पर कुछ नहीं लेते.' आवाज नेहमीचा ठेवायचा, जसा भाजीवाल्याशी बोलताना असतो.

आणि कारण द्यायचं नाही. ही गोष्ट जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कारण न देता नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. पण प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे शिकवलेलं उत्तर तयार असतं. 'पैसे नाहीत' म्हणा, हप्ते निघतात. 'आमच्याकडे आहे' म्हणा, जुनं देऊन नवं घ्या निघतं. 'घरच्यांना विचारते' म्हणा, ते किती वाजता येतात असं विचारतात. ह्या शेवटच्या कारणानं तर आपण घरात एकट्या आहोत हेही सांगून टाकतो. 'साहेब घरी नाहीत' हे वाक्य मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या सुनांना मोडायला लावलं आहे. घरात कोणी नसलं तरी आत वळून 'अहो, बसा तुम्ही, मी पाहते' म्हणायला काहीच लागत नाही.

दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, आत जायचं. तिसऱ्यांदा बोललो की ती चर्चा होते आणि चर्चेत तो आपल्यापेक्षा तयार असतो, दिवसभर तेच करत असतो बिचारा.

वस्तू हातात घेऊ नका, ही दुसरी गोष्ट. 'नुसतं धरून तर पाहा काकू' असं म्हणून फाटकावरून डबा पुढे करतात. हातात आलं की परत देताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं. परत घ्यायला तो हात पुढे करतच नाही, हेही मी पाहिलं आहे. मी बाहेर येताना हातात काहीतरी घेऊनच येते, निवडायच्या मेथीची चाळणी किंवा पोछा. हात रिकामे नसले की प्रश्न मिटतो.

नाव, मोबाइल नंबर, घरात माणसं किती, हे 'सर्वे' म्हणून विचारतात. 'काही विकायचं नाही, फक्त दोन मिनिटं माहिती पाहिजे.' दोन मिनिटांनी पिशवीतून सामान निघतंच. नंबर एकदा दिला की मग फोन सुरू होतात, त्याला फाटक नसतं.

फाटक, जाळी आणि माठ

आमच्या भागातली घरं बहुतेक एकाच ढंगाची. रस्त्यावर लोखंडी फाटक, मग पोर्च, मग जाळीचं दार, मग लाकडाचं. बोलणं फाटकाशी व्हावं, पोर्चमध्ये नाही. त्यासाठी फाटकाची कडी आतून लावलेली पाहिजे आणि बेलचं बटण फाटकाच्या खांबावर पाहिजे. आमचं बटण जाळीच्या दाराशी होतं, म्हणजे बेल वाजवायलाच माणूस पोर्चमध्ये यायचा. इलेक्ट्रिशियनकडून वायर वाढवून घेतली, अर्ध्या दिवसाचं काम. ह्या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर जिन्यातल्या दाराला साखळी आणि मधोमध भिंग बसवा. खालच्या चौकीदाराकडच्या वहीत नाव, नंबर आणि कोणत्या फ्लॅटला जायचं ते लिहिल्याशिवाय वर सोडू नये. मग वरून फोनवर विचारावं. वही आहे पण कोणी पाहत नाही, अशी सोसायटी मला दर दुसऱ्या चौकात दिसते. महिन्यातून एकदा सेक्रेटरीनं ती वही उघडून सही करावी, म्हणजे चौकीदारही लिहितो.

आता माठ. फाटकाच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, मी उन्हाळ्यात माठ ठेवते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो, आणि त्या उन्हात पाठीवर बॅग घेऊन फिरणारी ही मुलं माझ्या शाळेत दोन-चार वर्षांपूर्वी असतील इतक्या वयाची असतात. पाणी मागणं हे विकणाऱ्याचं जुनं तंत्र आहे हेही खरं, पाणी आणायला आपण आत गेलो की दार उघडं राहतं, आणि पाणी दिल्यावर दोन शब्द ऐकून घ्यावेच लागतात. पण तहानेला नाही म्हणायचं? माझ्यानं ते होत नाही. माठ बाहेर ठेवला की दोन्ही गोष्टी सुटतात. 'नको भाऊ, आम्ही दाराशी काही घेत नाही. पाणी तिथं आहे, प्या आणि जरा सावलीत बसा.' गेल्या मे महिन्यात एक मुलगा तीन ग्लास पाणी प्याला, चौथा डोक्यावर ओतला, आणि म्हणाला, 'काकू, सकाळपासून बोहनी नाही झाली, एक तरी घ्या.' पगार नव्हता त्याला, विकलं तर कमिशन. मी घेतलं नाही. दयेपोटी घेतलेली भाजी कापायची दोन यंत्रं माझ्या माळ्यावर पडली आहेत. त्या पैशातला त्या मुलांच्या हाती किती आला असेल कोण जाणे, मालकाचं मात्र फावलं. त्याला मी पोळी-भाजी दिली, ती त्यानं माठापाशी बसून खाल्ली. द्यायचं तर असं उघड द्यावं, खरेदीच्या मिषानं नाही.

एक कायद्याची गोष्ट इथंच सांगते. माणसांच्या साखळीतून थेट घरी माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. त्या कंपन्यांच्या विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचंच नाही. आणि गेल्यावर आधी स्वतःचं नाव, कंपनी, तिचा पत्ता, काय विकतो आणि कशासाठी आलो हे खरं सांगायचं. म्हणजे 'भाऊ, आधी वेळ घेतली होती का?' हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. घेऊन फसलात तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण पक्कं बिल असेल तर तक्रारीला पाय फुटतात. बिल नाही तर काही नाही.

पाण्यात चिखल दाखवणारी मशीन

हे मी विस्तारानं सांगते, कारण शिकलेली माणसंही ह्यात फसतात. पाणी शुद्ध करायची मशीन विकायला दोघं येतात. आपल्या नळाचं पाणी एका ग्लासात, त्यांच्या बाटलीतलं दुसऱ्या ग्लासात. चार सळया असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवतात आणि विजेचा प्लग लावतात. मिनिटभरात आपल्या ग्लासातलं पाणी गढूळ होतं, मग तपकिरी, मग खाली हिरवट-काळा गाळ. त्यांचा ग्लास स्वच्छ. 'काकू, हे तुम्ही नातवाला पाजता?' असं विचारतात. समोरच्या वहिनींनी त्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली.

तो गाळ पाण्यातला नसतो. तो सळईचा असतो. सळयांपैकी एक जोडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजाचा गाळ तयार होतो. त्यांच्या बाटलीतल्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज जेमतेम वाहते आणि पाणी तसंच राहतं. हे सातवी-आठवीच्या विज्ञानातलं आहे, मी स्वतः फळ्यावर काढून शिकवलं आहे. म्हणून मी त्या दोघांना म्हटलं, तुमच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत लावा. त्यांनी आधी टाळलं. मीच मिठाची वाटी घेऊन आले. दीड मिनिटात त्यांचाही ग्लास तपकिरी झाला. वहिनी समोर उभ्याच होत्या, त्यांनी पैसे परत मागितले आणि मिळालेही.

पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. घराची टाकी किंवा बोअर ह्याबद्दल शंका असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २०००. त्यांचा छोटा मीटर २५० दाखवतो आणि ते तोंड वाकडं करतात, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. मशीन वाईट असते असं माझं म्हणणं नाही. बोअरच्या जड पाण्याला ती लागते. पण ती दुकानातून, दोन ठिकाणी भाव विचारून घ्यावी.

गॅसवाले, वीजवाले

'गॅस एजन्सीतून आलो, चेकिंग कंपल्सरी आहे.' हे ऐकलं की बाया सरळ स्वयंपाकघरात नेतात. आत गेल्यावर पाइप खराब निघतोच, मग त्याचे आणि तपासणीचे पैसे. उपाय सोपा आहे. नारिंगी सुरक्षा पाइपवर तारीख छापलेली असते आणि तो पाच वर्षांनी बदलायचा असतो. आज तुमच्या पाइपवरची तारीख पाहा आणि जाळीच्या दारामागे चिठ्ठीवर लिहून ठेवा. आमच्या चिठ्ठीवर आहे. माणूस आला की मी म्हणते, 'पाइपची तारीख बाकी आहे. तुमचं नाव सांगा, मी एजन्सीला फोन लावते.' नंबर गॅसच्या पुस्तकावरचा घ्यायचा, त्यानं दिलेला नाही. खरा माणूस थांबतो. गॅसचा वास येत असेल तर मात्र कोणाची वाट पाहू नका, १९०६ लावा.

वीज आत्ता कापतो म्हणून रोख मागणाऱ्याला एवढंच: थकबाकीसाठी वीज कापायची तर कायद्यानं १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस दाखवा.

पाटल्या

हे लिहायला जड जातं.

२००९ च्या डिसेंबरमध्ये मी शाळेत होते. सासूबाई ७१ वर्षांच्या, घरी एकट्या, पोर्चमध्ये उन्हाला बसलेल्या. दोन मुलं आली, भांडी चमकवायची पावडर विकतो म्हणाली. देवघरातली समई मागून घेतली आणि फुकट घासून दिली. समई खरंच सोन्यासारखी झाली. मग पायातली जोडवी मागितली, तीही चमकली. त्यानंतर हातातल्या पाटल्यांकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी साबण लावून त्या काढल्या, निघत नव्हत्या तरी काढल्या. मुलांनी त्या एका वाटीतल्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासल्या, मग स्टीलच्या डब्यात हळदीच्या पाण्यात टाकून झाकण लावलं. 'आजी, वीस मिनिटं गॅसवर ठेवा, आधी उघडू नका, नाहीतर काळ्या पडतील.' आणि निघून गेली.

पाटल्या डब्यातच होत्या. म्हणून त्यांना काही कळलं नाही. मी संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी कौतुकानं दाखवल्या. माझ्या हातात त्या खरखरीत लागल्या, नक्षीच्या कडा पुसट झालेल्या, आणि हलक्या. दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या सराफा ओळीत आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. जुन्या चिठ्ठीवर ४० ग्रॅम होतं. काट्यावर ३३ ग्रॅम आणि वर थोडं भरलं. सराफानं पाटली भिंगाखाली धरली आणि मान हलवली. त्या वाटीत पाणी नव्हतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण होतं, त्याला अम्लराज म्हणतात आणि त्यात सोनं विरघळतं. आमचं जवळजवळ सात ग्रॅम सोनं त्या वाटीत उतरलं होतं आणि वाटी त्यांनी सोबत नेली होती. हळद, डबा, गॅस, हे सगळं फक्त वीस मिनिटं मिळवण्यासाठी.

पोलिसांत तक्रार दिली, सोनं मिळालं नाही. पण खरं नुकसान पुढे झालं, आणि ते मी केलं. मी त्यांच्यावर रागावले. 'तुम्हाला किती वेळा सांगितलं' असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. त्यानंतर सासूबाईंनी दार उघडणंच सोडलं. बारा वर्षं घरी दूध घालणारा माणूस बेल वाजवून थकायचा, त्या आत बसून राहायच्या. उन्हाला पोर्चमध्ये बसणंही बंद झालं. पाटल्या त्यांनी परत हातात घातल्या नाहीत.

म्हणून घरातलं म्हातारं माणूस फसलं तर आधी हात पाहा, आम्लानं भाजलं आहे का. भाजलं असेल तर वाहत्या पाण्याखाली चांगला वेळ धरा आणि डॉक्टरकडे न्या. मग शांतपणे विचारा, किती जण होते, गाडी कोणती, कोणत्या दिशेला गेले. त्यांनी सोडलेला डबा, पावडर, ब्रश धुऊ नका, तसंच पोलिसांना द्या. ११२ त्याच क्षणी लावा, कारण अशी टोळी त्याच दुपारी पुढच्या गल्लीत असते. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर १९३०. आणि चुकूनही 'मी सांगितलं होतं' म्हणू नका. एकदा ऐकून घेतलेलं माणूस पुढच्या वेळी फसलं तर सांगणारच नाही. ज्यांच्या घरी आई-वडील दिवसभर एकटे असतात त्यांनी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबरही मोठ्या अक्षरात लावून ठेवावा.

दागिना अंगावरून उतरवायला सांगणारा कोणीही असो, पॉलिशवाला, बाबा, किंवा 'पुढे दंगा झाला आहे, दागिने रुमालात बांधा' म्हणणारा साध्या कपड्यातला पोलीस, फाटकाच्या आत पाय नाही.

वर्गणी आणि बोजारा

बक्षिसाच्या कूपनबद्दल जास्त लिहित नाही. बक्षीस लागलं म्हणून पैसे भरावे लागत असतील तर ते बक्षीस नाही.

वर्गणीचं मी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवते: गणपतीला किती, देवीला किती, आणि कोणत्या मंडळांना. दोन्ही आमच्या रस्त्यावरची. बाकीच्यांना हात जोडून सांगते की आमचं दिलं गेलं. पावतीपुस्तकावर मंडळाचं नाव, पावती क्रमांक आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या परवानगीचा उल्लेख पाहायचा. दमदाटी झाली तर एकट्यानं वाद घालू नका, शेजारच्या दोघांना बाहेर बोलवा. अनाथाश्रम किंवा अंधशाळेच्या नावानं येणाऱ्यांना मी म्हणते, पत्ता द्या, मी स्वतः येऊन देते. दोनदा खरंच गेले, संस्था खरी निघाली, आणि आता दरवर्षी देते.

तान्ह्या पोळ्याला मात्र माझ्या घरचे सगळे नियम बाजूला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी नंदीबैल ओढत दारोदार येतात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायचा असतो. आदल्या दिवशीच मी सुटी नाणी आणि चॉकलेटं काढून ठेवते. त्या दिवशी फाटक सताड उघडं. शहराच्या जुन्या भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालेली असते आणि आमच्याकडे बैलांची चाकं खडखडत असतात. पलीकडच्या नव्या इमारतीच्या चौकीदारानं दोन वर्षांपूर्वी ह्या पोरांना 'अलाउड नाही' म्हणून परत पाठवलं, ते मला फार लागलं. सेक्रेटरीला भेटून सांगितलं. गेल्या वर्षी त्यांनी खालीच टेबल मांडून बोजारा वाटला.

ज्यांना नाही म्हणायचं नाही

भाजीची गाडी, रद्दीवाला, धार लावणारा, उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना खस लावून देणारा, हिवाळ्यात संत्र्यांची हातगाडी. ही आपली माणसं आहेत. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा आहे आणि फिरून विकणारेही त्यात येतात. 'फेरीवाल्यांना सक्त मनाई' अशा सरसकट पाट्या लावणाऱ्या सोसायट्यांशी माझं जमत नाही. त्या पाटीनं संत्रीवाली जाते आणि सूटबूटवाला ठग आत येतो. आमच्या फाटकावरची पाटी अशी आहे: 'घरी वस्तू विकत घेतल्या जात नाहीत. भाजी व रद्दीसाठी आवाज द्यावा.' तीच हिंदीतही.

रद्दीच्या काट्याची शंका आली तर भांडू नका. पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून ठेवलेला असतो माझ्याकडे. रद्दीच्या आधी तो काट्यावर टांगायला सांगते. पाच किलोच्या वर थोडं भरलं पाहिजे, कॅनचं वजन धरून. आमचा रद्दीवाला आता स्वतःच म्हणतो, 'बाई, आणा तुमचा कॅन.'

सरकारी कामाला येणाऱ्यांना ओळखपत्र पाहून उत्तर द्या. २०२७ च्या जनगणनेचे प्रगणक, मतदार यादीचे बीएलओ, आशाताई ही आपल्यातलीच माणसं असतात, बरीचशी शिक्षक. ती पैसे घेत नाहीत, खात्याचा नंबर किंवा एटीएमचा पिन विचारत नाहीत. पोलिओची माणसं भिंतीवर खडूनं खुणा करून जातात, मीही केल्या आहेत. त्या खुणांचे फोटो 'चोरांनी घर हेरलं' म्हणून ग्रुपवर फिरतात.

ग्रुपबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. एखादा अनोळखी भिक्षेकरी, वासुदेव, जडीबुटीवाला दिसला की त्याचा फोटो काढून 'सावधान' असं लिहून टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरूनच पसरलेली होती. संशय आला तर ११२ ला फोन करा, पोलीस येऊन विचारतील. ग्रुपवर लिहायचंच तर फोटोशिवाय लिहा, काय घडलं तेवढंच: 'आत्ता गॅस चेकिंगच्या नावानं दोघं आले, एजन्सीनं पाठवलेले नाहीत, दार उघडू नका.' आमच्या गल्लीत एवढंच चालतं.

माणूस फाटकाशी अडून बसला, शिव्या दिल्या, पाय आत टाकला, तर दार लावून शेजारी फोन करायचा. समोरच्या वहिनी आणि मी, आमचं ठरलेलं आहे. एकीचे दोन मिस्ड कॉल आले की दुसरीनं गॅलरीत यायचं आणि मोठ्यानं 'काय झालं हो?' विचारायचं. आजवर चार वेळा लागलं, चारही वेळा माणूस निघून गेला.

एवढं सगळं मी अर्ध्या कागदावर लिहून जाळीच्या दारामागे चिकटवलं आहे: ते एक वाक्य, पाइपची तारीख, एजन्सीचा नंबर, ११२, १९३०, १९०६, १९१५, आणि वहिनींचा नंबर. सुनेसाठी आहे, कामाला येणाऱ्या बाईसाठीही आहे, तिला मी वाचून दाखवलं. माठ सकाळी सातला आणि दुपारी बाराला भरायचा, रोज घासायचा, झाकण ठेवायचं आणि ग्लास साखळीनं बांधायचा.